जगात कुष्ठरोगाचे रुग्ण किती, हे कसे ठरवतात?
या प्रश्नाला एकच आकडा पुरत नाही, कारण जागतिक आकडेवारीत ‘प्रमाण’ म्हणून वर्षअखेरीस उपचार घेत असलेले नोंदणीकृत रुग्णच मोजले जातात आणि बहुविध औषधोपचार ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण होताच नाव यादीतून निघते, मग बोटांची विकृती कायम राहिलेली असली तरीही. म्हणून नवे रुग्ण पाहावेत: २०२३ मध्ये ते सुमारे १,८३,००० होते, निम्म्याहून अधिक भारतात. हा आकडाही शोधावरच अवलंबून असतो. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या पाड्यावर आशाताई घरोघरी जाऊन बधिर चट्टे तपासतील, तरच तिथला रुग्ण मोजणीत येईल. मला नव्या रुग्णांमधील मुलांचे आणि दृश्य विकृतींचे प्रमाण अधिक महत्त्वाचे वाटते, कारण पहिले अलीकडचा संसर्ग दाखवते, तर दुसरे निदानातील उशीर.