सिग्नल्ससाठी पुस्तक कुठलं घेऊ?

प्रश्न : मी ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंगच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, सिग्नल्सचा पेपर फार जड जातोय. नुसत्या गाइडवर भागेल का?

उत्तर : पास होशील गं, पण कन्व्होल्यूशन (सिस्टिममधून गेल्यावर सिग्नल कसा बदलेल ते काढायची रीत) करताना नेमकं काय चाललंय ते कळणार नाही आणि पुढे डीएसपीला (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगला) अडशील. ओपनहाइम-विल्स्कीचं ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ घे, त्यात कंटिन्युअस (सलग) आणि डिस्क्रीट (सुट्या आकड्यांचे) दोन्ही सिग्नल्स सोबतच शिकवलेत, जुनी कॉपी असली तरी चालेल. इलेक्ट्रॉनिक सर्किट्सला सेड्रा-स्मिथचं पुस्तक. प्रोआकिसचं डीएसपीचं पुस्तक आत्ता नको, झेड ट्रान्सफॉर्म (डिस्क्रीट सिग्नल्स अभ्यासायची गणिती रीत) पक्का झाल्यावर. आणि हो, विकत घेण्याआधी लायब्ररीत बसून ओपनहाइममधला सॅम्पलिंगचा (सिग्नलचे ठरावीक वेळाने नमुने घेण्याचा) चॅप्टर वाच, 4 किलोहर्ट्झपर्यंतच्या आवाजाला सेकंदाला 8000 पेक्षा जास्त सॅम्पल्स का लागतात हे आकृत्या बघून समजलं तर ते पुस्तक तुझ्यासाठीच आहे. गणितं मात्र स्वतः सोडव, सोल्यूशन मॅन्युअल आधी उघडू नकोस.