नेपाळमधला काठमांडू-1 हा मतदारसंघ इतका चुरशीचा का मानला जातो? तिथला 2022 पर्यंतचा निवडणूक इतिहास काय आहे?

2017 साली मी कामानिमित्त काठमांडूत, नयाँ बानेश्वरला भाड्याच्या खोलीत राहत होतो. हा भाग काठमांडू-1 मध्येच येतो, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. तुम्ही 2022 पर्यंतचं विचारलंय, तेवढंच सांगतो.

सुरुवात 1991 पासून करावी लागेल. 1990 च्या जनआंदोलनानंतर राजा वीरेंद्र यांनी पक्षांवरची बंदी उठवली. आंदोलनाचे सर्वोच्च नेते गणेशमान सिंह यांनी पंतप्रधानपद स्वतः न घेता कृष्णप्रसाद भट्टराईंचं नाव पुढे केलं. भट्टराईंना सगळे किसुनजी म्हणत. त्यांच्या अंतरिम सरकारने वर्षभरात नवं संविधान आणलं आणि 12 मे 1991 ला निवडणूकही घेतली. किसुनजी उभे राहिले काठमांडू-1 मधून. समोर होते एमाले या कम्युनिस्ट पक्षाचे महासचिव मदन भंडारी. ते कित्येक वर्षं भूमिगत काम केलेले, वयाने तरुण आणि भाषणाला उभे राहिले की मैदान भरवणारे.

किसुनजी हरले, आणि तेही हजारपेक्षा कमी मतांनी.

देशभरात मात्र त्यांच्याच नेपाळी काँग्रेसला 205 पैकी 110 जागा मिळाल्या होत्या. पक्ष जिंकला आणि पंतप्रधान पडला! त्यामुळे पंतप्रधानपद गिरिजाप्रसाद कोइराला यांच्याकडे गेलं. किसुनजी सगळ्यांना सांभाळून घेणारे होते, तर गिरिजाबाबूंचा हात कडक. एका शहरी मतदारसंघातली काही शे मतं इकडची तिकडे झाली असती तर नेपाळच्या लोकशाहीची पहिली तीन-चार वर्षं वेगळी गेली असती, असं माझं ठाम मत आहे.

याच मतदारसंघाने दुसरा तडाखा दिला 1994 च्या फेब्रुवारीत. मे 1993 मध्ये चितवनजवळ दासढुंगा इथे मदन भंडारींची जीप त्रिशूली नदीत कोसळली. त्यात ते आणि त्यांच्याच पक्षाचे नेते जीवराज आश्रित दोघेही गेले. तो अपघात होता की घातपात, यावर तिथे आजही वाद होतात. रिकाम्या झालेल्या जागेवर एमालेने त्यांच्या पत्नी विद्यादेवी भंडारी यांना उभं केलं आणि काँग्रेसकडून पुन्हा किसुनजीच आले. पुन्हा हरले. या वेळी पराभवाबरोबर 'अंतर्घात' हा शब्द सगळीकडे झाला. आपल्याच माणसांनी पाडलं, असा किसुनजींच्या गटाचा आरोप होता आणि रोख गिरिजाबाबूंवर होता. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसचे 36 खासदार मतदानाला गैरहजर राहिले, सरकारचा प्रस्ताव पडला आणि गिरिजाबाबूंनी संसद विसर्जित केली. 110 खासदारांची उभी फाळणी झाली. नेपाळीत त्या दोन गटांना 'छत्तिसे' आणि 'चौहत्तरे' म्हणतात. मध्यावधीत एमाले सर्वात मोठा पक्ष ठरला. सगळं खापर काठमांडू-1 वर फोडता येणार नाही, पण ती पोटनिवडणूक बाजूला ठेवून ही फूट समजणारही नाही. विद्यादेवी पुढे 2015 मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या.

पुढे माओवादी युद्ध, राजाने सत्ता हाती घेणं, 2006 चं आंदोलन, या सगळ्यात 1999 नंतर संसदेच्या निवडणुका थांबल्याच. 2008 च्या संविधानसभेच्या वेळी माओवाद्यांची लाट आली. शेजारच्या काठमांडू-2 मध्ये एमालेचे माधवकुमार नेपाल पडले. काठमांडू-1 मध्ये मात्र काँग्रेसचे प्रकाशमान सिंह निवडून आले. हे गणेशमानांचे चिरंजीव. 1991 मध्ये ते आणि त्यांच्या आई मंगलादेवी दोघेही काठमांडूतून पडले होते, हे लक्षात घेतलं तर या यशाचं मोल कळतं. 2013 ला ते पुन्हा जिंकले आणि उपपंतप्रधान झाले.

आता मी पाहिलेली निवडणूक. 7 डिसेंबर 2017. मतदानाच्या दिवशी तिथे गाड्या बंद असतात, त्यामुळे एरवी हॉर्नने गजबजलेल्या रस्त्यावर लोक आरामात पायी चालले होते. खालच्या चहावाल्या दिदींनी मला शाई लावलेला अंगठा दाखवला आणि मतपत्रिकेवर स्वस्तिकाचा शिक्का कसा मारायचा तेही सांगितलं. शिक्का रेघेवर गेला की मत 'बदर', म्हणजे बाद. काँग्रेसचं चिन्ह 'रूख', म्हणजे झाड. आपल्याकडेही जुन्या कवितेत रूख भेटतोच, त्यामुळे तो शब्द माझ्या लगेच ध्यानात राहिला.

प्रकाशमानांसमोर या वेळी खरं आव्हान कम्युनिस्टांचं नव्हतंच. बीबीसी नेपाळी सेवेचे माजी प्रमुख रवींद्र मिश्र विवेकशील साझा पार्टीतर्फे उभे होते. पक्ष अगदी नवा, कार्यकर्ते बहुतेक तरुण. निकाल: सिंह 10,936, मिश्र 10,118. फरक 818. काँग्रेसला देशभरात थेट निवडणुकीच्या 165 पैकी फक्त 23 जागा मिळाल्या (बाकीच्या जागा पक्षांना मतांच्या प्रमाणात मिळतात), त्यातली ही एक. त्या रात्री दिदींच्या दुकानात टीव्हीसमोर बसलेल्या पोरांचे चेहरे मला अजून आठवतात. जुन्या पक्षांना हरवता येतं, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं होतं.

2022 ला तेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. पण मिश्र आता राजेशाहीवादी राष्ट्रिय प्रजातन्त्र पार्टीत होते. मला हे पटलं नव्हतं, आणि त्यांच्या 2017 च्या अनेक मतदारांनाही पटलं नसावं. शिवाय घंटी चिन्हाचा राष्ट्रिय स्वतन्त्र पार्टी हा नवा पक्ष आला होता. त्याने काठमांडूतल्या 2, 6, 7 आणि 8 या जागा जिंकल्या. क्रमांक 1 मध्ये सिंह 7,143 मतांवर निवडून आले, फरक फक्त 125. म्हणजे नाराज मतं भरपूर होती, पण ती एका ठिकाणी पडली नाहीत. चुरशीचं कारण माझ्या मते इथेच आहे: मतदारसंघ लहान, वस्ती नोकरदार आणि शिकलेली, काँग्रेसचा पाया जुना, आणि विरोधातली मतं दर वेळी नव्या पक्षाच्या मागे जाणारी.

तुम्ही आकड्यांचा तक्ता करणार असाल तर एक करा. 2008 आणि 2017 च्या आधी आडवी रेघ मारा. देशात थेट निवडणुकीच्या जागा 205 होत्या, 2008 ला 240 झाल्या, 2017 ला 165. प्रत्येक वेळी हद्दी बदलल्या. किसुनजी जिथे हरले तो काठमांडू-1 आणि मी राहिलो तो काठमांडू-1, यांचा नंबर एक असला तरी नकाशा एक नाही.