थर्मासात कोमट चहा ओतू नका: रीफर कंटेनरबद्दल आलेल्या प्रश्नांना उत्तरे

फळछाटणी उरकली आणि मणी फुगू लागले की पुण्यातल्या आमच्या कार्यालयात येणाऱ्या फोनचा सूर बदलतो. डाऊनी या बुरशीजन्य रोगाची चौकशी मागे पडते आणि कंटेनरची सुरू होते. या पंधरवड्यात जुन्नर, इंदापूर आणि शिरूरकडून आलेल्या प्रश्नांपैकी बरेच एकाच गैरसमजातून आलेले दिसले, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न (नारायणगाव परिसर): आमच्या गटाची द्राक्षे पहिल्यांदाच जहाजाने नेदरलँड्सला जाणार आहेत. मध्यस्थ म्हणतो, कंटेनर म्हणजे मोठा फ्रीजच, माल भरला की आपोआप थंड होईल, प्रीकूलिंगवर, म्हणजे भरणीआधीच माल गार करण्यावर, पैसे कशाला घालवता? त्याचे ऐकावे का?

ऐकू नका. रीफर, म्हणजे गारव्याचे यंत्र असलेला कंटेनर, फ्रीजपेक्षा थर्माससारखा वागतो. उकळता चहा ओतला तर तो गरम राहतो आणि कोमट ओतला तर कोमटच राहतो. रीफरमधल्या यंत्राची ताकद भिंतींतून शिरणारी आणि फळाच्या श्वासातून निघणारी उष्णता बाहेर टाकण्यापुरती असते. फळ तोडले तरी ते जिवंत असते, श्वास घेते, तापते. दुपारच्या उन्हात तापलेले घड भरले तर कडेच्या पेट्या गार लागतील, पण मधल्या पॅलेटच्या पोटातला माल गार व्हायला कित्येक दिवस जातील. तोवर देठ तपकिरी होतो, आणि तिकडचा ग्राहक आधी देठ बघतो, मग मणी.

म्हणून काढणी सकाळी लवकर करा. क्रेट सावलीत ठेवा आणि काही तासांत पॅकहाऊस गाठा. प्रीकूलिंगमध्ये गराचे तापमान 4 अंशांच्या खाली आले पाहिजे. ते खोलीच्या भिंतीवरच्या काट्यावर पाहू नका, मण्यात प्रोब, म्हणजे तापमापकाची सुई, खुपसून पाहा. बुरशी रोखणारा गंधकाचा वायू सोडणारा सल्फर पॅड ठेवून लायनर, म्हणजे पेटीतली प्लॅस्टिकची पिशवी, बंद करायचा तो त्यानंतरच. गरम घडावर लायनर बंद केला की आत घाम सुटतो, पॅड भिजतो, त्यातला वायू एकदम सुटतो आणि मणी पांढरे पडतात. मग लोक पॅडच्या कंपनीला शिव्या घालतात.

कंटेनरचे तापमान उणे 0.5 ते शून्य अंश आणि आर्द्रता 90 ते 95 टक्के ठेवतात. गटातल्या एका काकांनी फोनवर विचारले, शून्याखाली द्राक्ष गोठणार नाही का? उणे अर्ध्या अंशाला गोठत नाही, कारण रसात साखर आहे.

प्रवासाचे दिवस मोजताना जुना हिशोब धरू नका. सुएझमार्गे न्हावा शेवाहून रॉटरडॅम साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचे अंतर. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बहुतेक कंपन्यांनी जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. तुमचे जहाज कुठल्या मार्गाने जाणार, हे बुकिंग करतानाच विचारा. आणि लांबच्या मार्गालाही टिकेल असाच माल भरा. पावसात भिजलेल्या बागेतला घड स्थानिक बाजारात विकलेला परवडतो.

आता भरणीबद्दल थोडे सविस्तर, कारण माझ्या अनुभवात नुकसान इथेच जास्त होते. रीफरमध्ये गार हवा खालून येते. तळाला इंग्रजी टी अक्षरासारख्या पट्ट्या असतात, त्यांच्यामधून ती दारापर्यंत जाते, मालातून वर चढते आणि छताजवळून परत यंत्राकडे वळते. पाणी जसे सारी सोडून फुटलेल्या पाटाने पळते, तशी हवाही मोकळी वाट शोधते. दाराशी तळ उघडा राहिला तर सगळी हवा तिथूनच वर जाईल आणि मधला माल घुसमटेल. तो उघडा भाग पुठ्ठ्याने झाका. पेट्यांची भोके एकावर एक जुळवा. आतल्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एकही पेटी चढवू नका. चार पेट्या जास्त बसवण्याचा मोह त्या रेषेपाशीच होतो.

कंटेनर आधी गार करून ठेवा, असाही सल्ला सर्रास मिळतो. पॅकहाऊसला गार हवेचा बंदिस्त डॉक असेल तरच तसे करा. नसेल तर दार उघडताच बाहेरची दमट हवा आत शिरते, थंड भिंतींवर पाणी धरते आणि यंत्राच्या कॉइलवर बर्फ साचतो. अशा ठिकाणी भरणी चालू असताना यंत्र बंद ठेवा, झटपट भरा आणि दार लावल्यावर यंत्र सुरू करा.

गाडी निघण्यापूर्वी जेनसेट, म्हणजे वाटेत यंत्राला वीज देणारा जनरेटर, चालू आहे ना, त्यात डिझेल पुरेसे आहे ना, ते स्वतः पाहा. खंडाळ्याच्या घाटात गाडी तीन तास अडकणे आपल्याला नवे नाही. मालात डेटा लॉगर, म्हणजे तापमान सतत नोंदवणारे छोटे यंत्र, ठेवाच. त्याची किंमत किरकोळ असते, आणि डिझेल वाचवायला जेनसेट कुणी बंद केला तर ते त्यात उमटते.

एक राहिले. माल कितीही गार असला तरी औषधांच्या अवशेषांपुढे गारवा कामाचा नाही. 2010 च्या हंगामात सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या, म्हणजे आपल्या लिहोसिनच्या, अवशेषांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली होती. जुन्या बागायतदारांना ते वर्ष आठवत असेल. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी भिंतीवर लावा आणि काढणीपूर्व दिवस, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यातले अंतर, पाळा.

प्रश्न (इंदापूर): कंटेनर भरण्याइतके डाळिंब नाही. उरलेल्या जागेत पाहुण्यांची द्राक्षे टाकली तर भाडे वाटून घेता येईल का?

भाडे वाटले जाईल आणि नुकसानही. भगव्या डाळिंबाला 5 ते 7 अंश लागतात. त्याखाली दीर्घकाळ राहिले तर आतले पडदे तपकिरी पडतात आणि साल काळवंडते. द्राक्षांना शून्य अंश लागतो. शिवाय त्यांच्या पॅडमधला गंधकाचा वायू डाळिंबाला मानवत नाही. कांदा तर कुठल्याच फळासोबत नको, वास लागतो. जागा भरायचीच असेल तर शेजारच्या गावचे डाळिंब आणा, एकाच बहाराचे, एकाच प्रतीचे.

डाळिंब समुद्रमार्गे टिकते यात आता शंका नाही. 2025 मध्ये भगव्याचा व्यावसायिक माल जहाजाने अमेरिकेला पोहोचला. त्या देशासाठी विकिरण प्रक्रिया बंधनकारक आहे, ती वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात होते. पहिल्याच वर्षी अमेरिकेमागे लागू नका, आखाती देशांपासून सुरुवात करा.

प्रश्न (शिरूर, शेतकरी उत्पादक कंपनी): स्वीट कॉर्नचे दाणे काढून आमच्या डीप फ्रीझरमध्ये गोठवले आणि रीफरने दुबईला पाठवले तर चालेल का? तापमान किती ठेवावे?

तापमान उणे 18 अंश. हा आकडा फॅरनहाइटच्या शून्यावरून आला आहे, त्यात गूढ काही नाही. अडचण तुमच्या फ्रीझरची आहे. त्यात दाणे सावकाश गोठतात, आत बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात, आणि शिजवताना दाणा पाणी सोडून लिबलिबीत होतो. कारखान्यात आधी दाणे वाफेवर किंवा गरम पाण्यात ब्लांच करतात, लगेच गार करतात आणि उणे 30-35 अंशांच्या वेगवान हवेत एकेक दाणा सुटा गोठवतात. त्यालाच आयक्यूएफ म्हणतात. तोडल्यापासून मक्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो, म्हणून शेत ते ब्लांचर हे अंतर तासांत मोजायचे.

गोठवल्याने जंतू मरतात हा समज सोडा. ते फक्त झोपतात. 2018 मध्ये युरोपात लिस्टेरिया या जंतूच्या साथीचे मूळ शोधत तपास हंगेरीतल्या गोठवलेल्या मक्यापर्यंत पोहोचला. माणसे दगावली होती. म्हणून स्वतः यंत्रे घेण्याआधी परवानाधारक कारखान्यात मजुरीवर माल तयार करून घ्या आणि तळेगाव दाभाडेच्या सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत दोघांना प्रशिक्षणाला पाठवा.

गोठवलेल्या मालाची भरणी फळांच्या उलट असते. तो श्वास घेत नाही, म्हणून पेट्या एकमेकींना घट्ट भिडवायच्या, हवा भोवतीने फिरते. ताज्या हवेची झडप पूर्ण बंद ठेवायची. आणि बुकिंगच्या कागदावर ‘उणे’ हा शब्द अक्षरात लिहा. आमच्या माहितीतल्या एका गटाच्या कागदावर नुसते 18 लिहिले होते. यंत्राने इमानेइतबारे अधिक 18 राखले. दुबईत दार उघडले तेव्हा आत काय झाले असेल, ते लिहीत नाही.

प्रश्न: विमा आहे, मग यंत्र बिघडले तर भरपाई मिळेलच ना?

पॉलिसी वाचा. गोठवलेल्या मालाच्या प्रचलित कलमांत यंत्र सलग 24 तास बंद पडले तरच बिघाडाची भरपाई मिळते, अशी अट सहसा असते. वीस तासांत सगळे वितळले तरी हात रिकामे राहू शकतात. दावा करताना लॉगरची नोंद लागते, म्हणून तो माल उतरवताना काढून जपून ठेवायला तिकडच्या खरेदीदाराला आधीच सांगा.

प्रश्न: गावच्या सुताराकडून पॅलेट करून घेतले तर स्वस्त पडते. चालेल का?

लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटे तापवलेले आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचा आंतरराष्ट्रीय शिक्का असेल तर चालेल. शिक्का मान्यताप्राप्त केंद्रालाच मारता येतो. सुताराकडे तो नसेल, तर त्याच्याकडून फक्त क्रेट दुरुस्त करून घ्या.