ताट तसंच परत जातं

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर वडील रुग्णालयात आहेत. दोन घास खातात आणि ताट परत जातं. हे सिस्टरना सांगावं का, की ते त्यांचं कामच नाही?

उत्तर : जरूर सांगा, आजच सांगा. हे आमचंच काम आहे. औषधांइतकंच माझं ताटावर लक्ष असतं. रुग्ण दाखल होतानाच आम्ही वजन-उंची घेतो आणि विचारतो, गेल्या ३ ते ६ महिन्यांत वजन किती उतरलं? १० टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर धोका मोठा. अंगाने स्थूल माणूसही कुपोषित असू शकतो, हे घरच्यांना पटता पटत नाही.

न जेवण्याचं कारण पुष्कळदा साधं असतं : सैल झालेली कवळी, तोंड आलेलं, मळमळ, बद्धकोष्ठ, किंवा हात पोचणार नाही इतक्या लांब ठेवलेलं ताट. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र भरवू नका, आधी आम्हाला बोलवा. 'थोडंसं खाल्लं' असं मोघम नको. अर्धं, पाव असं लिहून ठेवा. त्यावरून आहारतज्ज्ञांना बोलावता येतं. आणि बरेच दिवस पोटात काही नसेल, तर एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने घसरून हृदयावर बेतू शकतं.