घर सोडण्याची नोटीस मागे घेता येते का?

प्रश्न : मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि फोंड्यात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहतो. पुण्याला बदली होणार म्हणून १ जूनला घरमालकांना घर सोडण्याची महिनाभराची लेखी नोटीस दिली. पंधरवड्यातच बदली रद्द झाली. मालकांना फोन केला, तर ते ‘बघूया’ एवढेच म्हणाले. मीच दिलेली नोटीस मला मागे घेता येणार नाही का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : एकतर्फी नाही. नोटीस देताना मालकांची संमती लागत नव्हती, मागे घेताना मात्र ती लागते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११३ नुसार, भाडेपट्टा चालूच आहे असे दर्शवणारी कृती नोटीस देणाऱ्याने केली आणि तिला समोरच्या पक्षाची स्पष्ट वा गर्भित संमती असली, तरच ती नोटीस सोडून दिल्याचे मानले जाते. ‘बघूया’ ही अशी संमती नव्हे. आपल्याकडे पुष्कळदा तो सभ्य नकारच असतो.

जूनचे भाडे मालकांनी घेतले यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण ते नोटिशीच्या मुदतीतलेच आहे. जुलैचे भाडे त्यांनी भाडे म्हणून स्वीकारले, तर तुमची बाजू भक्कम होईल. पण मोबाइलवरून तुम्ही परस्पर रक्कम पाठवली आणि त्यांनी ती लगेच परत केली, तर तो स्वीकार ठरणार नाही. म्हणून ३० जूनपूर्वीच ‘१ जूनची नोटीस उभयतांच्या संमतीने रद्द समजावी व मूळ करार पूर्वीच्याच भाड्याने व अनामत रकमेवर चालू राहावा’ एवढे दोन ओळींचे पत्र लिहून त्यावर त्यांची सही घ्या. व्हॉट्सअॅपवरचे त्यांचे स्पष्ट ‘चालेल’ही तोंडी आश्वासनापेक्षा बरे. मालक नवा करार करू म्हणाले, तर सही करण्याआधी भाड्याचा आकडा वाचा. ही संधी साधून भाडे वाढवणारे घरमालक काही थोडे नाहीत.

त्यांनी नकार दिला, विशेषतः दुसऱ्या भाडेकरूकडून आगाऊ रक्कम घेतलेली असली, तर त्यांना दोष देता येणार नाही, आणि मुदत संपल्यावर ताबा देणे तुमच्यावर बंधनकारक राहील. अशा वेळी वाद घालण्याऐवजी आठ-पंधरा दिवसांची सवलत मागावी, आणि तीही लेखीच घ्यावी.