डाळिंबाच्या काड्यांना आयबीए लावताना

रोपं करायला लावलेल्या काड्या आयबीए (मुळ्या फुटण्यासाठी लावायचं संजीवक) लावूनही बुडाशी काळ्या पडून मेल्या, पावडरच खराब होती का, असं तुम्ही विचारलंत. यात पावडरीचा दोष नसावा. जास्त लावली असणार. संजीवक जितकं जास्त तितक्या मुळ्या जास्त, असं होत नाही. प्रमाण वाढलं की साल जळते आणि डोळे फुटायचे थांबतात.

भगवा या डाळिंबाच्या जातीच्या पेन्सिलीएवढ्या पक्व काडीला मी २००० पीपीएम वापरतो, म्हणजे १ लिटरला २ ग्रॅम. आयबीए पाण्यात नीट विरघळत नाही, गुठळ्या तरंगतात. म्हणून आधी ते थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा आणि मग हलवत हलवत पाणी घाला. काडीचा खालचा इंचभर भाग पाचेक सेकंद बुडवायचा, बस्स. रात्रभर भिजत ठेवायची ती द्रावणं फार सौम्य असतात; हे त्यातलं नाही.

तयार पावडर असेल तर लागेल तेवढीच वाटीत काढा. ओली काडी थेट डबीत बुडवली की उरलेली पावडर खराब होते. काडी झटकून घ्या आणि कोकोपीटमध्ये आधी काटकीने भोक पाडून मगच लावा, नाहीतर लावलेलं सगळं वरच घासून निघतं. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली हवा.

आणि कळकळीने सांगतो, तेल्या (डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग) आलेल्या बागेतली काडी फुकट मिळाली तरी आणू नका. मुळ्या फुटतील, पण रोगही सोबत येईल.

उरलेलं द्रावण गडद बाटलीत, फ्रीजमध्ये, मुलांपासून लांब ठेवा.