आधी मोज, मग लिही

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

आमच्या काळी यंत्रे नव्हती, मग तुम्ही नेमके काय शिकलात, असे तू विचारले आहेस. १९५३ साली मी प्रोबेशनर, म्हणजे शिकाऊ परिचारिका, म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिले काही आठवडे आम्ही रुग्णाला हातही लावला नाही. झोपलेल्या माणसाखालची चादर त्याला न उठवता कशी बदलायची, हे आम्ही एकमेकींवरच शिकलो. त्यानंतर वॉर्ड सुरू झाला. कागदोपत्री ही तीन वर्षे शिक्षणाची होती, पण वॉर्डाचा मोठा भार विद्यार्थिनीच वाहत आणि रात्रपाळी संपवून आलेली मुलगी त्याच सकाळी व्याख्यानाला बसे. ती पद्धत मला तेव्हाही अन्यायाची वाटे आणि आजही वाटते, म्हणून तिचे गोडवे गाणाऱ्यांचे तू ऐकू नकोस. त्या काळातून घ्यावी अशी एक गोष्ट मात्र आहे आणि ती मी चूक करून शिकले.

नाडी मोजून झाली तरी बोटे मनगटावरून काढायची नाहीत, असे आम्हाला शिकवले होते. आपले श्वास कोणी मोजत आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून रुग्णाला वाटावे की अजून नाडीच चालली आहे, आणि आपली नजर मात्र त्याच्या छातीवर असावी. हे मला तोंडपाठ होते. तरीही एका रात्री, तीस खाटांचा वॉर्ड एकटीने सांभाळताना, मी नाडी आणि ताप तेवढे खरे लिहिले आणि श्वासाच्या रकान्यात ओळीने ‘२०’ लिहीत गेले. वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर फेरीवर आल्या, तक्ता पाहिला आणि काही न बोलता मला एका खाटेपाशी घेऊन गेल्या. पोटाची शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेले ते गृहस्थ होते आणि विचारल्यावर ‘बरे आहे’ म्हणाले. पण त्यांच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि ओठांचा रंग उतरला होता. सिस्टरांनी मला पूर्ण एक मिनिट मोजायला लावले. श्वास ३४ भरले. डॉक्टरांना उठवले, न्युमोनियाचे निदान झाले, पेनिसिलिन सुरू झाले आणि ते गृहस्थ वाचले. सिस्टर माझ्यावर ओरडल्या नाहीत. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारून, खालचा आकडा वाचता येईल अशा बेताने, शेजारी खरा आकडा, वेळ आणि सही करायला त्यांनी सांगितले. ती रेघ मारताना माझा हात थरथरत होता.

इतर कामे तुला ऐकून ठाऊक असतील. काचेच्या सिरिंज उकळायच्या, बोथट सुया दगडावर घासून धार लावायची. साधे पेनिसिलिन मूत्रपिंडावाटे झरझर निघून जाते, म्हणून दर तीन-चार तासांनी रुग्णाला झोपेतून उठवून ते टोचावे लागे. क्षयाच्या वॉर्डात स्ट्रेप्टोमायसिन हे औषध हाताळून काही जणींच्या बोटांवर आणि पापण्यांवर पुरळ उठे, आणि त्या ते लपवून ठेवत. रुग्णाकडे पाहायला आम्हाला शिकवले होते, स्वतःकडे पाहायला कोणी शिकवले नव्हते. तू हातमोज्यांची टाळाटाळ करू नकोस आणि अंगावर काही उठले तर त्याच दिवशी सांग.

पाठीची निगा, म्हणजे पडून राहिलेल्या रुग्णाला शय्याव्रण (बेडसोअर) होऊ न देणे, हा आमचा अभिमानाचा विषय होता. स्पिरिट लावून आम्ही पाठ जोर लावून चोळत असू आणि वर पावडर घालत असू. लाल पडलेली कातडी चोळल्याने आतली इजा वाढू शकते, हे पुढे कळले. गुण येत होता तो वेळच्या वेळी कूस बदलल्याने. आणि चोळण्याच्या निमित्ताने का होईना, रुग्णाची पाठ दिवसातून अनेकदा कोणाच्या तरी डोळ्यांखालून जात होती. आज तुझ्याकडे त्यासाठी खास गाद्या असतील, तरी चादर दूर करून माकडहाड आणि टाचा स्वतः पाहत जा.

यंत्रांविषयी माझ्या मनात अढी नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा श्वास थांबत चाललेल्या रुग्णांना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, अहोरात्र, हाताने रबरी पिशवी दाबून जगवले. त्या अनुभवातूनच अतिदक्षता विभागाची कल्पना आकाराला आली. त्या हातांचे काम आता यंत्र करते, हे चांगलेच आहे. परंतु साध्या वॉर्डात श्वासाचा आकडा आजही बहुधा माणूसच लिहितो आणि घाईत पहिला बळीही त्याचाच जातो.

तेव्हा पहिल्या महिन्यात एवढे कर. प्रत्येक पाळीत निदान एका रुग्णाचे श्वास पूर्ण मिनिट मोजून आकडा आधी कागदावर उतरव, मगच मागच्या पाळीने काय लिहिले आहे ते पाहा. दोन्हींत फरक पडला, तर सिस्टरांना त्याच वेळी सांग, आणि सवडीने मलाही कळव.

तुझी शुभचिंतक,
एक निवृत्त परिचारिका